मदत हवी आहे: टाइप १ मधुमेह असलेल्या मैत्रिणीसोबत एप्कॉटमध्ये एक दिवस, जेवण आणि फिरणं कसं जमवू?

नमस्कार. ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघीच, फ्लोरिडातल्या एप्कॉटला, म्हणजे डिस्नेच्या थीम पार्कला, एक दिवस जाणार आहोत. तिथे जाऊन आलेल्यांचा आणि घरात टाइप १ मधुमेह असलेल्यांचा सल्ला हवा आहे. दोन्ही अनुभव असणारं कुणी भेटलं तर फारच छान.

आधी थोडं तिच्याविषयी. कॉलेजची चार वर्षं आम्ही हॉस्टेलच्या एकाच खोलीत काढली. अकरा वर्षांची असल्यापासून ती इन्सुलिन घेते. आता दंडावर सेन्सर आहे आणि शुगर फोनवर दिसते, पण जेवणाआधीचं इन्सुलिन ती पेननेच घेते. ती भरपूर चालते आणि खाण्याची तिला मनापासून आवड आहे. फक्त 'पेशंट' म्हणून कुणी वागवलेलं तिला अजिबात चालत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका थीम पार्कला गेलो होतो. दुपारचं जेवण दीड वाजता करायचं ठरलं होतं. काउंटरपुढे मोठी रांग होती, पण नंबर लवकर येईल असं वाटल्यामुळे तिने रांगेत असतानाच इन्सुलिन घेतलं. तेवढ्यात काउंटरवरचं मशीन बंद पडलं. ताट हातात आलं तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते आणि ती घामाने डबडबून पायरीवर बसली होती. ग्लुकोजच्या गोळ्या होत्या, पण त्या असलेली बॅग मी लॉकरमध्ये ठेवून आले होते. एका अनोळखी बाईंनी त्यांच्या मुलाचा ज्यूस दिला म्हणून निभावलं. मैत्रिणीने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. माझ्या मनातून मात्र तो गेलेला नाही.

एप्कॉट तिनेच निवडलं. वर्ल्ड शोकेसमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. ती सगळी तिला पायी बघायची आहेत, एखाद्या देशात बसून नीट जेवायचं आहे आणि रात्रीची आतषबाजी बघूनच परतायचं आहे. मोठ्या राईड्सचं दोघींनाही वेड नाही.

आता प्रश्न:

जेवणाची टेबलं आधी बुक केली तर जेवण खरोखर त्या वेळेला मिळतं का? फेरी मेक्सिकोकडून सुरू करावी की कॅनडाकडून? इन्सुलिन दिवसभर थंड कसं ठेवायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ही सगळी काळजी मी कशी घेऊ, की दिवसभर मी तिची नर्स होऊन फिरतेय असं तिला वाटणार नाही?

प्रतिसाद १

ताई, आम्ही एप्कॉटला चार वेळा जाऊन आलो आहोत, त्यातली एक खेप सासूबाईंना घेऊन. मधुमेहाबद्दल जाणकार सांगतील, मी पार्कपुरतं लिहिते.

टेबलांचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. चांगली ठिकाणं पहिल्या सकाळीच भरतात, त्यामुळे त्या दिवशी लवकर उठा. बेत बदलला तर दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं. न सांगता गेला नाहीत तर बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. बुकिंगची वेळ ही दारात पोचल्याची नोंद करायची वेळ असते. पुढे बसवेपर्यंत थांबणं, मग ऑर्डर, मग स्वयंपाक. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो.

म्हणून दुपारसाठी गार्डन ग्रिल सुचवते. पार्कमधल्या द लँड नावाच्या दालनाच्या इमारतीत आहे, संपूर्ण हॉटेल हळूहळू गोल फिरतं. तिथे एकेक पदार्थ मागवत बसावं लागत नाही. ठरलेलं जेवण मोठ्या ताटांतून टेबलावर येतं, हवं तितकं घ्या. शाकाहारी असाल तर बसताना सांगा, वेगळं आणून देतात. त्याच इमारतीत लिव्हिंग विथ द लँड नावाची संथ बोटीची राईड आहे. साधारण पंधरा मिनिटं बोट काचगृहांमधून जाते, मातीविना वाढवलेली रोपं दिसतात, आणि तिथली भाजी पार्कच्या स्वयंपाकघरांत वापरतात. सासूबाई दोनदा बसल्या.

फेरी मेक्सिकोकडून सुरू करा. दालनं साधारण अकराला उघडतात. मेक्सिको पिरॅमिडच्या आत आहे, भर दुपारीही आत संध्याकाळ असते, गारवा असतो, बोटीत बसायला मिळतं. मग नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली. जर्मनीत छोट्या आगगाडीचं छोटं गाव आहे, ते चुकवू नका. बरोबर मध्यावर अमेरिकेचं दालन लागतं. तिथे अर्ध्या तासाचा खेळ खुर्चीत बसून बघायचा असतो. पाय दमतात त्याच वेळी ती खुर्ची मिळते. कॅनडाकडून निघालात तर तिथली फिल्म चहूबाजूंच्या पडद्यांवर असते आणि उभं राहून बघावी लागते, म्हणजे सुरुवातीलाच पाय दुखणार.

पूर्ण फेरी साधारण दोन किलोमीटरची. पण प्रत्येक दालनात आत-बाहेर करताना चालणं त्याच्या कितीतरी पट होतं. थकलात तर तळ्यातून बोट आहे. जर्मनी आणि मोरोक्कोजवळून ती तळ्याच्या अलीकडच्या टोकाला आणून सोडते. तिचं नावच फ्रेंडशिप! आतषबाजीआधी मात्र बोटी बंद होतात.

प्रतिसाद २

माझा मुलगा टाइप १ आहे, आता सतरा वर्षांचा. तुमचा तो पायरीवरचा प्रसंग वाचून पोटात कालवलं, कारण आमच्याकडेही हुबेहूब हेच झालंय. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. झटपट काम करणारं इन्सुलिन एकदा घेतलं की ते जेवणासाठी थांबत नाही, एवढीच त्यातली गोष्ट आहे.

आमचा घरातला नियम: बाहेर खाताना ताट समोर दिसल्याशिवाय पेन बाहेर काढायचं नाही. टेबल मिळालं, ऑर्डर दिली, तरी नाही. जेवणानंतर शुगर थोडी चढली तर चालेल, रांगेत उतरलेली परवडत नाही. हे मैत्रिणीने एकदा तिच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं. दिवसभर चालायचं असेल तर डोस किती कमी करायचा, तेही तेच सांगतील. जास्त चालण्याचा परिणाम कित्येक तास टिकतो, रात्री झोपेतही शुगर उतरू शकते. म्हणून आतषबाजी बघून खोलीवर आल्यावर एकदा बघा आणि उशाशी काहीतरी गोड ठेवा.

ग्लुकोजच्या गोळ्या दोघींच्याही खिशात हव्यात. बॅगेत नकोत, खिशात. शुगर ७० च्या खाली गेली तर साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या चार गोळ्या. मग १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. सेन्सरचा आकडा थोडा मागे चालतो. तो वर जाईना म्हणून घाबरून खात सुटू नये, शंका वाटली तर बोटातून तपासावं.

इन्सुलिन: वापरातलं पेन ३० अंशांपर्यंत चालतं, ऑक्टोबरच्या ओरलँडोत दुपारी त्याच्या वर जाऊ शकतं. पाण्यात भिजवून वापरायचं गार पाऊच मिळतं, ते पुरतं. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. जादा पेन पार्कच्या प्रथमोपचार केंद्रात ठेवायला देता येतं. एप्कॉटमध्ये ते ओडिसी इमारतीपाशी आहे, वर्ल्ड शोकेसकडे जाताना वाटेतच लागतं.

प्रतिसाद ३

बाहेरचं खाणं आत नेता येतं, हे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. काचेच्या बाटल्या आणि सुटा बर्फ नको, बाकी चालतं. काउंटरच्या हॉटेलांत गार पाणी फुकट देतात, मागायला संकोच करू नका. राईडच्या रांगेत असताना बाहेर पडावं लागलं तर काय करायचं, हे रांगेत शिरतानाच तिथल्या माणसाला विचारून ठेवा.

दुसरं म्हणजे शरद ऋतूत तिथे खाण्याचा महोत्सव असतो. तळ्याभोवती टपऱ्या, प्रत्येकीवर दोन-चार घासांच्या छोट्या बश्या. शनिवार-रविवारी आसपासच्या लोकांची फार गर्दी होते, जमलं तर मधल्या वारी जा. मी तर म्हणेन बसून जेवायचं बुकिंग करूच नका, या बश्यांवरच दिवस काढा.

प्रतिसाद २ (पुन्हा)

वरच्या दादांशी या एका बाबतीत सहमत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी बश्यांवर काढलेला दिवस फार अवघड असतो. दर अर्ध्या तासाला चार घास, दर वेळी अंदाज, दर वेळी 'आता घेऊ की नको?'. एकावर एक डोस साठत जातात आणि दोन तासांनी सगळे मिळून शुगर खाली ओढतात. चव बघायला दोन बश्या जरूर घ्या, पण पोट भरायला दोन बसकी जेवणंच हवीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'गोळ्या दोघींच्या खिशात' हे वाचून थांबले. इतकी साधी गोष्ट मला तीन वर्षांत सुचली नव्हती.

काल हा धागा मी तिला वाचायला दिला. द्यावा की नाही, यावर दोन दिवस विचार करत होते. तिने सगळा शांतपणे वाचला. पायरीच्या परिच्छेदाशी थांबून म्हणाली, "तुला हे अजून आठवतं?" मग बराच वेळ आम्ही त्यावर बोललो, पहिल्यांदाच. रांगेत असताना इन्सुलिन घ्यायचा निर्णय तिचा होता आणि तो माझ्या खात्यात मांडलेला तिला चालणार नाही, असं तिने बजावलं.

नर्सच्या प्रश्नावर तिचं उत्तर असं: "शुगर किती?" हे मी दिवसात तीनदा विचारायचं, जेवणाआधी दोनदा आणि रात्री झोपताना एकदा. एरवी तिच्या सेन्सरचा इशारा माझ्याही फोनवर वाजेल, तशी सोय ती करून देणार आहे. वाजला तर मी काही न बोलता बसायला जागा शोधायची. एवढंच.

बेत असा ठरलाय: मंगळवार. सकाळी थेट द लँड, बोट, साडेअकराला गार्डन ग्रिल. मग ओडिसीपाशी जादा पेन ठेवून मेक्सिकोकडून फेरी. संध्याकाळचं जेवण तिला जपानमध्ये हवंय, टेपान एडोला, कारण तिथे आचारी समोर उभा राहून शिजवतो. पेन कधी काढायचं हे तव्याकडे बघूनच कळेल, असं तिचं म्हणणं. फक्त वेळ ठरत नाहीये, साडेपाचचं टेबल घेऊ की सातचं?

प्रतिसाद १

साडेपाचचं घ्या. तिथे इतर लोकांसोबत एकाच टेबलाभोवती बसवतात, सगळे जमेपर्यंत वेळ जातो, म्हणजे ताटात पडायला सहा-सव्वासहा होतील. सॉस गोडसर असतात, ते वेगळे मागून घ्या. सातच्या सुमारास बाहेर पडलात की दिवेलागणीला मोरोक्कोत असाल. तिथलं फरशीकाम राजे हसन दुसरे यांनी पाठवलेल्या कारागिरांनी केलंय, घाईने ओलांडू नका. मग फ्रान्स. आतषबाजी बहुतेक दिवशी नऊला असते, त्या दिवशीची वेळ ॲपवर बघा. अर्धा तास आधी तळ्याकाठी कठड्याशी जागा धरा. इंग्लंड आणि कॅनडा त्याआधी उरकले नाहीत तर आतषबाजीनंतर मुख्य दाराकडे परतताना वाटेतच लागतात, दुकानं बंद असली तरी दिवे चालू असतात. म्हणजे तिचे अकराच्या अकरा देश पायी होतील.