साडेसतरा लाख लिटर म्हणजे ‘मायक्रो’?

मी वाळूजला एका बिअर कंपनीत टाक्या धुवायच्या कामाला आहे, गाव गेवराईकडं. आमची एकेक टाकी गावातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच. परवा पुण्याचा मेव्हणा म्हणाला, ‘दाजी, अमेरिकेत तुमच्या कंपनीला मधली म्हणतील.’ मला काही पटलं नाही राव. लहान-मोठं ठरवतात कशावर?

उत्तर १
वर्षाच्या मालावर. तिथली ब्रुअर्स असोसिएशन, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांची संघटना, 15,000 बॅरलच्या आत मायक्रो (अगदी छोटी) धरते, पुढं 60 लाखांपर्यंत रीजनल (मधली), त्यावर लार्ज (मोठी). त्यांचं बीअरचं बॅरल 117 लिटरचं, आपलं 200 लिटरचं पिंप नव्हे. तरी साडेसतरा लाख लिटरवाला मायक्रोच! मेव्हण्याला चहा पाजा.

उत्तर २
युरोपात करासाठी मोजतात. वर्षाला 2 लाख हेक्टोलिटर, म्हणजे 2 कोटी लिटरपर्यंत छोटी. पण दुसऱ्या कंपनीच्या हाताखालची नको. जपानात 1994 पर्यंत 20 लाख लिटरच्या खाली परवानाच मिळत नव्हता. मग अट 60 हजारांवर आणली अन् गावोगाव छोट्या ब्रुअरी निघाल्या.

प्रश्नकर्ता
पाजतो चहा. पण लिटरभर बिअरला चार-पाच लिटर पाणी लागतं ते कोणी धरत नाही का? टाकी धुताना आधी कॉस्टिक सोडा, मग साधं पाणी, मग परत पाणी. 2016 ला घरी टँकरची वाट बघायचो अन् कामावर पाइप सोडून उभा राहायचो. बायको विचारायची, आज किती सांडलं?