मदत हवी आहे: पाझर तलावाच्या सांडव्यात पोती, पायथ्याला ओल

पाटण तालुक्यात आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर जुना मातीचा बांध आहे, उंची सात-आठ मीटर. कागदावर पाझर तलाव, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा. आम्हाला त्याचा मोठा आधार म्हणजे डोंगरावरून येणारा लोंढा तिथं दमतो आणि खालच्या आळीत पाणी शिरत नाही.

दिवाळीनंतर काही शेतकऱ्यांनी सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या) तोंडावर पोती रचून पाणी हात-दीड हात चढवलं. उन्हाळी भुईमूग निघाला, खोटं कशाला बोला. पण आर्द्रा लागल्या तरी पोती तिथंच. काढा म्हटलं की वाद होतो.

त्यात भरावाच्या खालच्या पायथ्याशी दोन खाटांएवढी जागा सतत ओली राहते. पाणी सध्या नितळ आहे. भरावावर सुबाभूळ माजलीय, खेकड्यांची बिळंही आहेत. (रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटल्यावर खापर खेकड्यांवर फोडलं गेलं, तेव्हापासून इथं खेकडा म्हटलं की लोक हसतात.)

ओल धोक्याची आहे का? चिकणमातीनं बुजवावी का? आणि अर्ज कुणाकडे करायचा? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. आम्ही त्यात बसतच नाही.

प्रतिसाद १
बुजवू नका! पाण्याची वाट बंद केली की दाब आत वाढतो आणि ते दुसरीकडून फुटतं. मातीच्या बांधातून थोडं नितळ पाणी झिरपणारच. रोज एकाच वेळी बादली भरायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा, सोबत तलावाची पातळीही. पातळी तेवढीच असून धार वाढली किंवा पाणी गढूळ झालं, तर आतली माती वाहतेय असं समजा. मग खालची घरं आधी रिकामी करा, तहसीलदारांना फोन लगेच. त्या जागी भरड वाळू आणि वर खडी पसरतात, म्हणजे पाणी येतं पण माती अडते. मात्र हे तात्पुरतं, आणि अभियंता हजर असेल तरच.

मला ओलीपेक्षा पोत्यांची भीती जास्त वाटते. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की ती कापली जाते. तसं होऊ नये म्हणूनच सांडवा असतो. पोती आजच काढा, पण वरून एकेक थर, सगळी एकदम नाही.

मोठी झाडं आत्ता तोडू नका, मुळं कुजली की पोकळ्या राहतात. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असेल तर अर्ज जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडे, त्यावर असेल तर राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे. फोटो जोडा, पोच घ्या. तिवरेतही गळतीच्या तक्रारी २ जुलै २०१९ ला धरण फुटायच्या आधीच झाल्या होत्या.

धागाकर्ता
धन्यवाद. बादली उद्यापासून. पोत्यांसाठी सरपंचांना घेऊन जातो. सांडव्याच्या खालच्या चरात झुडपं आहेत, तीही आत्ताच काढावीत ना?

प्रतिसाद १
हो, ती आधी. आणि तोडलेली झुडपं काठावर टाकू नका, पहिल्याच पुरात परत चरात येतील.