मदत हवी आहे: वेट प्लेटच्या सावल्यांत राखाडी धुकं, आधी बाथ सुधारू की कलोडियन?

४×५ इंची काचेवर अँब्रोटाइप शिकतोय, म्हणजे काचेवर कलोडियन (ईथर-अल्कोहोलमधलं चिकट द्रावण) ओतून, ती ओली असतानाच (म्हणून 'वेट प्लेट') त्याच काचेवर फोटो काढणं. सावल्यांत, जिथे काच स्वच्छ राहायला हवी, तिथे राखाडी पापुद्रा चढतो. फिक्सिंगनंतर ओल्या कापसाने अलगद फिरवलं की तो निघतो, म्हणजे धुकं थराच्या वरच बसलंय.

सिल्व्हर नायट्रेटचं बाथ (प्लेट उजेडाला संवेदनशील करणारं द्रावण) ९ टक्के, प्लेट ३ मिनिटं आत. डेव्हलपर: पाणी ३५० मिली, फेरस सल्फेट १५ ग्रॅम, ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड २० मिली, अल्कोहोल १८ मिली. १५ सेकंदांत पाणी ओतून थांबवतो.

एक प्लेट उजेड न दाखवता, लाल दिवाही बंद ठेवून डेव्हलप केली. तरी धुकं तसंच! म्हणजे कॅमेरा, होल्डर, दिवा सगळे सुटले.

आता संशय दोघांवर. बाथचा पीएच ५.५ भरतोय, हवा ४ च्या आसपास. त्यात चाळीसेक प्लेटा झाल्यात, त्यामुळे कलोडियनमधलं ईथर-अल्कोहोलही साचलं असणार. दुसरीकडे कलोडियन ताजं, फिकट पिवळं आहे. थोडं मुरून गडद झालेलं कलोडियन स्वच्छ सावल्या देतं.

विचारायचंय ते असं: नुसतं पातळ नायट्रिक अॅसिड थेंबाथेंबाने घालून भागेल, की आधी सोडा बायकार्बने बाथ उदासीन करून उन्हात ठेवावं, गाळावं आणि मग आम्ल द्यावं? आम्ल जास्त झालं तर प्लेट मंद होते, म्हणून हात आखडतोय. आणि कलोडियन मुरल्यासारखं व्हावं म्हणून त्यात टिंक्चर आयोडीन घालायचं तर १०० मिलीला किती थेंब?