मदत हवी आहे: गरम गाळल्यावरही अभिक्रिया थांबत नाही, पॅलेडियम विरघळते आहे की बारीक कार्बन निसटतो आहे?

नमस्कार.

मी बडोद्यात सेंद्रिय रसायनशास्त्रात संशोधन करतो. सिनॅमिल अल्कोहोल आणि ॲनिलीन यांपासून ॲलिल अमाइन थेट मिळवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. हायड्रॉक्सिल गट सहज सुटत नाही, म्हणून त्सुजी-ट्रोस्ट पद्धतीत (पॅलेडियमच्या मदतीने ॲलिल गट जोडण्याच्या अभिक्रियेत) सहसा आधी ॲसिटेट किंवा कार्बोनेट करून घेतात. पण अल्कोहोलच वापरता आले, तर एक पायरी वाचते आणि उपउत्पादन म्हणून फक्त पाणी उरते. बडोद्याजवळच्या नंदेसरीचे रासायनिक कारखाने जवळून पाहिलेल्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

५ मिलिमोल अल्कोहोलला १ मोल-टक्का पॅलेडियम, सोबत ट्रायफिनिलफॉस्फिन, टोल्युइन आणि नायट्रोजन असा बेत आहे. उत्प्रेरक म्हणजे ५ टक्क्यांचे पॅलेडियम-कार्बन, म्हणजे कार्बनच्या भुकटीच्या आधारावर बसवलेले पॅलेडियम. त्याचे निम्मे वजन पाण्याचे असल्याने सुमारे २१२ मिलिग्रॅम घ्यावे लागते. (पाण्याचा हा हिशेब मी सुरुवातीला धरला नव्हता आणि पहिले काही प्रयोग त्यामुळे वाया गेले.)

खरी अडचण पुढे आहे. काम कार्बनवरचे पॅलेडियम करते की द्रावणात उतरलेले, हे पाहायला घन उत्प्रेरक गाळून काढतात; गाळलेल्या द्रवात अभिक्रिया थांबली, तर काम घन उत्प्रेरकाचे. विरघळलेले पॅलेडियम थंड होताना पुन्हा कार्बनवर बसू शकते आणि चाचणी फसवे उत्तर देते, म्हणून अर्ध्यावर आलेले मिश्रण मी गरम असतानाच सेलाइटमधून (गाळण्यासाठी वापरतात त्या बारीक मातीच्या थरातून) गाळले. तरीही त्या स्वच्छ दिसणाऱ्या द्रवात अमाइन वाढतच गेले. फॉस्फिन आणि ॲनिलीन हे दोघेही धातूला धरतात, त्यामुळे तेच त्याला आधारावरून ओढून काढत असावेत, असा माझा पहिला संशय आहे. दुसरा असा, की अतिबारीक कण सेलाइटमधूनही पार होत असतील. जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) ३-फिनिलप्रोपेनाल हे उपउत्पादनही थोडे दिसते. दुहेरी बंध सरकून होणारे हे समघटकीकरण कार्बनवरचे पॅलेडियम घडवते की द्रावणातले, हेही मला उलगडलेले नाही.

गरम मिश्रण ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळले, तर या दोन शक्यता खात्रीने वेगळ्या करता येतील का? पारा घालून धातूचे कण निकामी करण्याच्या चाचणीवर माझा भरवसा नाही, कारण पारा विरघळलेल्या काही संयुगांशीही अभिक्रिया करतो. आयसीपी-एमएसमधून (धातूचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या तंत्रातून) द्रावणात पॅलेडियम किती आहे ते कळेल, पण काम तेच करते आहे का, ते कळणार नाही. फॉस्फिनच बहुवारिकाला (पॉलिमरला) बांधलेले घेऊन ॲलिल अल्कोहोलवर कोणी काम केले असेल, तर धातू आधारावर टिकला का आणि तेच उत्प्रेरक दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कसे चालले, हे कृपया सविस्तर लिहावे.