शब्दचर्चा: 'आउटोबानकिर्शे'ला मराठीत काय म्हणावे?

दुभाषी: एका जर्मन प्रवासलेखाचा अनुवाद करते आहे. त्यात पुन्हा पुन्हा 'आउटोबानकिर्शे' येते. आउटोबान म्हणजे द्रुतगती महामार्ग आणि किर्शे म्हणजे चर्च. गाडी चालवून शिणलेल्याने उतरावे, दहा मिनिटे शांत बसावे आणि पुढे निघावे, यासाठीची ही चर्च. पहिले 1958 साली ऑग्सबुर्गजवळ आडेल्सरीडला, 8 क्रमांकाच्या आउटोबानशेजारी बांधले. नाव 'मारिया, प्रवाशांची रक्षणकर्ती' अशा अर्थाचे. आज देशभर चाळीसहून जास्त आहेत. तूर्त 'रस्त्यावरचे चर्च' लिहिले आहे, पण खटकते.

मोडीवाचक: खटकणारच! 'रस्त्यावरचे मंदिर' म्हटले की मराठी वाचकाला 'अनधिकृत' हा शब्द आपोआप ऐकू येतो. सार्वजनिक रस्त्यांवर नवी धार्मिक बांधकामे होऊ देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली बजावले. तेव्हापासून तर तो पालिकेच्या नोटिशीतलाच शब्दप्रयोग वाटतो. तुमच्या चर्चवर जेसीबी यायचा. 'रस्त्याकडेचे' म्हणा.

दुभाषी: रस्त्याकडेला कितीतरी चर्च असतात हो. या नावाला अटी आहेत: महामार्गावरून उतरल्यावर फार तर एक किलोमीटरच्या आत हवे, गाड्या लावायला जागा हवी आणि सकाळी 8 ते रात्री 8 रोज दार उघडे हवे. म्हणजे जागेपेक्षा उघडे दार महत्त्वाचे. वेस्टफालियातले एक्स्टरचे चर्च तर गावचे जुनेच. 1959 साली त्याला हा दर्जा मिळाला, नवी वीटही रचली नाही.

घाटवाट: आपल्याकडे बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहेच की. ड्रायव्हर हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. 'घाटदेवता'च्या धर्तीवर काही जमेल का?

वसईवाला: ते वेगळे, घाटवाट. शिंगरोबाला बरेच जण स्टिअरिंगवरचा हात न काढता, मान लववून जातात. हे आत जाऊन बसायचे ठिकाण आहे. शिंगरोबाशी जुळणारे ख्रिस्ती ठिकाण हवे तर गोव्यात बांबोळीचा 'फुलांचो खुरीस' बघा, पणजी-मडगाव महामार्गावर. सर्व धर्मांचे लोक थांबतात, फुले वाहतात, मेणबत्ती लावतात. पण तो खुरीस, म्हणजे क्रूस. गोव्यात चर्चला 'इगर्ज' आणि छोट्या प्रार्थनाघराला 'कपेल' म्हणतात, हे तिघे एक नव्हेत. आणि मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चला 'देवालय'ही म्हणतात बरे का. पुण्यात पंचहौदाजवळचे 'पवित्र नाम देवालय' ऐकले असेल.

मोडीवाचक: मग 'वाटचर्च'? वाटसरू, वाटाड्या, वाटखर्च, वाटमारी... वाट पुढे लावून मराठीत बिनबोभाट समास होतात.

घाटवाट: 'वाटचर्च' वाचताना मी 'वाटखर्च'च वाचले. दोनदा.

उत्तरध्रुव: स्वीडनमधून लिहितो आहे. इकडचा शब्द तुमच्यासारखाच बनतो: 'व्हेग' म्हणजे रस्ता, 'शुर्का' म्हणजे चर्च. फिनलंडमध्ये 'तिएकिर्को', जोड तीच. पण वस्तू वेगळी. उन्हाळ्यात सुट्टीची वाहतूक वाढते, तेव्हा गावोगावची नेहमीची चर्च वाटसरूंसाठी उघडी ठेवतात. गावातली मंडळी कॉफी देतात, पुष्कळ ठिकाणी वॅफलही असते. इथे रस्त्यापेक्षा सरबराई मोठी. दोन्हींना एकच मराठी शब्द द्यायचा की नाही, ते आधी ठरवा.

पालखीमार्ग: 'विसावा' कुणालाच कसा सुचला नाही? वारीत 'मुक्काम' म्हणजे रात्रीची वस्ती. 'विसावा' म्हणजे मध्ये टेकायचे, पाणी प्यायचे आणि उठायचे. पंढरपूरच्या अलीकडे विसावा मंदिरही आहे. 'थांबा' तर एसटीने नेला. विसाव्यात थकवाही येतो आणि पुढे जायचे आहे हेही येते. 'विसावा चर्च' म्हणा.

मोडीवाचक: अर्थ नेमका आहे, पण प्रत्येक हायवेवर 'हॉटेल विसावा, शुद्ध शाकाहारी' आहे त्याचे काय?

पालखीमार्ग: असू द्या. तिथेही माणूस टेकायलाच जातो.

दुभाषी: उलट ते शेजारही बरोबर आहे! लेखातले एक चर्च विल्न्सडॉर्फला, 45 क्रमांकाच्या आउटोबानवर, पेट्रोल पंप आणि खाण्यापिण्याच्या दुकानांच्या गर्दीत उभे आहे. 2013 साली उघडले. निळ्या पाटीवर चर्चचे जे चिन्ह असते, त्याच आकाराची इमारत केली आहे: बाहेरून पांढरीशुभ्र, कोनदार, जणू कागद दुमडून उभा केलेला. आत गेलात की पांढरे काही नाही, लाकडी फासळ्यांचा गोल घुमट. तेव्हा 'विसावा चर्च' पक्के. स्वीडनचे उल्लेख लेखात नाहीत, त्यामुळे सुटले.

आता दुसरी अडचण. या चर्चमधून एक वही ठेवलेली असते. येणारा आपली काळजी, विनंती, आभार तीत लिहून जातो. 'अभिप्राय वही' लिहिले तर सरकारी विश्रामगृह वाटते.

वसईवाला: 'प्रार्थना वही'.

घाटवाट: आभार नि काळजी दोन्ही हवे, तर 'गाऱ्हाण्यांची वही'. आमच्या कोकणात देवाला गाऱ्हाणे घालतात ते तक्रार म्हणून नव्हे. 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात, मग घरच्यांचे भले मागायचे, आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे.

दुभाषी: घेतला शब्द. घाटावरचे वाचक तक्रारवही समजू नयेत म्हणून पहिल्या उल्लेखाला अर्धे वाक्य जोडते.