चॅप्टर ७ मध्ये गाडी वाचवायची की गाडीचे कर्ज?

मूळ लेख : हिशेबनीस

अमेरिकेत चॅप्टर ७ खाली, म्हणजे संरक्षण नसलेली मालमत्ता विकून बाकीच्या कर्जांतून मुक्त होण्याच्या वाटेने, वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करायला निघालेला माणूस वकिलासमोर बसला की बहुधा आधी एकच विचारतो, "माझी गाडी जाईल का?" या एका प्रश्नात दोन प्रश्नांची गल्लत आहे. ट्रस्टी (दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेऊन विकायला नेमलेला माणूस) गाडी विकून इतर धनकोंना पैसे वाटेल का, हा पहिला. आणि ज्याच्याकडे गाडी तारण आहे तो ती ओढून नेईल का, हा दुसरा.

पहिल्याची धास्ती अनेकदा अनाठायी असते. संघराज्याच्या कायद्यानुसार १ एप्रिल २०२५ पासून एका वाहनातील आपल्या हिश्श्याला ५,०२५ डॉलरपर्यंत संरक्षण आहे. (बऱ्याच राज्यांत मात्र राज्याचीच यादी वापरावी लागते आणि तिथले आकडे वेगळे असतात.) गाडीची किंमत ९,००० आणि कर्ज ५,००० असेल, तर आपला हिस्सा ४,०००, म्हणजे ट्रस्टीच्या हाती काही लागत नाही. कर्जच किमतीहून मोठे असेल, तर त्याला त्या गाडीत रसही नसतो.

नुकसान होते ते दुसऱ्या प्रश्नापाशी. कर्जदात्याकडून रीअफर्मेशन, म्हणजे कर्ज पुन्हा मान्य करण्याच्या, कराराचे कागद येतात आणि गाडी जाईल या भीतीने माणूस त्यांवर सही करतो. दिवाळखोरीने ज्या वैयक्तिक जबाबदारीतून त्याची सुटका होणार होती, तीच या सहीने पुन्हा त्याच्या गळ्यात पडते. समजा कर्ज १९,००० आहे आणि गाडी ११,००० ची. वर्षभराने हप्ते थकले, तर गाडी लिलावात जाईल आणि तुटीची रक्कमही त्याच्याकडून वसूल होईल. शिवाय चॅप्टर ७ खाली कर्जमुक्ती पुन्हा मिळवायची, तर आधीच्या अर्जापासून ८ वर्षे थांबावे लागते. किमतीहून जास्त कर्ज असलेली गाडी परत करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : रातपाळी

आपला हिशेब बरोबर आहे, पण तो घरी बसून मांडलेला आहे. मी परिचारिका आहे. रुग्णालय घरापासून ३४ मैलांवर आहे, पाळी संध्याकाळी ७ ला सुरू होते आणि त्या रस्त्यावर बस नाही. गाडी परत केल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर कसे पोहोचायचे, याचे उत्तर आपल्या लेखात नाही. नुकतीच दिवाळखोरी जाहीर केलेल्याला नवे वाहनकर्ज मिळतेही, पण त्याचा व्याजदर पाहून जुने कर्ज बरे वाटू लागते.

काही न बोलता हप्ते भरत राहण्याची वाट २००५ च्या दुरुस्तीने बरीचशी बंद केली. गाडीचे काय करणार हे अर्ज केल्यापासून ३० दिवसांत, किंवा धनकोंची सभा त्याआधी असेल तर तोपर्यंत, लेखी कळवावे लागते. दिलेल्या मुदतीत त्याप्रमाणे वागले नाही, तर अर्ज केल्यावर धनकोंना वसुलीपासून रोखणारे न्यायालयाचे संरक्षण त्या गाडीपुरते उठते. मग एकही हप्ता चुकलेला नसला, तरी दिवाळखोरी हाच करारभंग मानणाऱ्या कलमाच्या आधारे कर्जदाता गाडी नेऊ शकतो. मी सही केली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

प्रतिसाद : एकरकमी

सही किंवा परती एवढेच दोन मार्ग नाहीत. गहाण सोडवावे तशी गाडी सोडवून घेण्याची तरतूद चॅप्टर ७ मध्ये आहे, आणि तीत कर्जाची बाकी नव्हे, तर गाडीची आजची किंमत एकरकमी भरायची असते. किंमत धरतात ती त्या वयाच्या आणि त्या अवस्थेतील गाडीला विक्रेता किरकोळीत जेवढे मागेल तेवढी. म्हणून माझ्या मेव्हण्याने मागच्या दाराचा पोचा, गुळगुळीत झालेले दोन टायर आणि एअरबॅगचा सतत पेटलेला दिवा, या सगळ्यांची छायाचित्रे जोडली होती.

अडचण उघड आहे. दिवाळखोराकडे एकरकमी पैसे येणार कुठून? त्याला ते भावाने दिले.

प्रतिसाद : तेरावा

सगळे चॅप्टर ७ वरच का अडले आहेत? चॅप्टर १३ मध्ये, म्हणजे मालमत्ता न विकता उत्पन्नातून कर्ज फेडण्याच्या दिवाळखोरीत, थकलेले हप्ते ३ ते ५ वर्षांच्या योजनेत फेडता येतात, आणि स्वतःच्या वापरासाठी घेतलेली गाडी अर्जाच्या ९१० दिवसांहून आधी घेतलेली असेल, तर तारण कर्ज गाडीच्या किमतीइतके खाली आणता येते. वरची रक्कम क्रेडिट कार्डांसारख्या विनातारण कर्जांच्या रांगेत जाऊन बसते. ९१० दिवस पुरे व्हायला महिनाच उरला असेल, तर शक्य तोवर थांबावे.

जाता जाता एक विसंगतीही नोंदवतो. २०११ च्या रॅन्सम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गाडीचे कर्ज पूर्ण फेडलेल्याला, योजनेत किती भरायचे हे ठरवणाऱ्या उत्पन्नाच्या चाचणीत, वाहन-मालकीच्या खर्चाची वजावट मिळणार नाही. त्या गृहस्थांनी आपल्या टोयोटा कॅमरीसाठी महिना ४७१ डॉलरची वजावट मागितली होती. कर्ज फेडून टाकणाऱ्याच्या पदरी हे पडते.

प्रतिसाद : हिशेबनीस

कामावर जाण्याचा मुद्दा मी हलका लेखला, हे मान्य. पाच वर्षांच्या योजनेबद्दल मात्र मला शंका आहे, कारण ती मध्येच मोडली तर कर्जमुक्तीही नाही आणि गाडीवरचा बोजा पुन्हा पूर्ण रकमेचा.

सहीबद्दल एक गोष्ट राहिली. एका ओळखीच्यांच्या उत्पन्न-खर्चाच्या तक्त्यात महिन्याला १४० डॉलर कमी पडत होते, म्हणून वकिलाने करारावर सही करायचे नाकारले आणि न्यायाधीशांनी तो मंजूर केला नाही. ऋणकोने आपल्या बाजूचे सर्व केले, तेव्हा निव्वळ दिवाळखोरीच्या कारणावरून गाडी नेता येणार नाही, अशी भूमिका काही न्यायालयांनी घेतलेली आहे. ते गृहस्थ आज हप्ते भरतात, गाडी चालवतात आणि तुटीच्या जबाबदारीतून मुक्त आहेत. करार नामंजूर होणे हाच त्यांच्यासाठी सर्वांत चांगला निकाल ठरला.

रातपाळी, आपला करार कधी दाखल झाला? तो न्यायालयात दाखल झाल्यापासून ६० दिवस किंवा कर्जमुक्तीचा आदेश, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत रद्द करता येतो.

प्रतिसाद : रातपाळी

करार दाखल होऊन आज ४१ दिवस झाले आहेत आणि कर्जमुक्तीचा आदेश गेल्याच आठवड्यात निघाला. करार रद्द करण्याचा माझा विचार नाही. पण चढावर गिअर बदलताना गाडी हल्ली झटका देते. ट्रान्समिशन गेले, तर आपला १९,००० आणि ११,००० चा हिशेब मला लागू होईल. उरलेल्या १९ दिवसांत ती मेकॅनिककडे दाखवून घेते.