लिफ्टमधलं डुक्कर

देशपांडे काका (बी-४०१): सर्व सभासदांना नमस्कार. लिफ्टमध्ये आरशाशेजारी चार धुराड्यांवर उडणाऱ्या डुकराचं चित्र कुणी चिकटवलं आहे? मागे कवटीचं लावलं होतं तेव्हाच ठरलं होतं की लिफ्टमध्ये काही लावायचं नाही. कृपया काढावे.

मंदार (ए-३०२): कवटी नव्हती काका, भोपळा होता तो.

ओंकार (ए-१०३): सॉरी काका, मी लावलंय. शनिवारी गच्चीवर पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा ‘ॲनिमल्स’ अख्खा ऐकवणार आहोत, हे चित्र त्याच्याच मुखपृष्ठाचं. ४१ मिनिटांचा अल्बम आहे. मग त्यातली दोन गाणी आम्ही वाजवणार. साडेनऊच्या आत सगळं बंद.

देशपांडे काका: प्रश्न वेळेचा नाही, डुकराचा आहे.

सुलभा काकू (बी-२०२): अहो, वराह अवतार विसरलात का?

देशपांडे काका: वराहाने पृथ्वी वर काढली. हे धुराड्यांवर काय करतंय?

केतकी (सी-२०१): काका, तुम्ही नेमकं तेच विचारलंत. अल्बम जानेवारी १९७७चा. बँडचा गीतकार रॉजर वॉटर्सने त्यात माणसांचे तीन गट पाडलेत. कुत्री म्हणजे धंद्यात दुसऱ्याचा लचका तोडून वर जाणारे. डुकरं म्हणजे वर बसून सगळ्यांना नीती शिकवणारे. मेंढ्या म्हणजे मुकाट मागून चालणारे. धुराडी लंडनच्या बॅटरसी वीज केंद्राची. कोळशावर चालायचं ते.

मंदार: थोडक्यात आपली सर्वसाधारण सभा.

साने (सेक्रेटरी): मंदार, सभेला तुम्ही शेवटचे कधी आला होता ते रजिस्टरमध्ये बघून कळवतो. 🙏

रेखाताई (सी-४०२): हे सगळं ऑरवेलच्या ‘ॲनिमल फार्म’वरून उचललंय ना? त्यात वेगळं ते काय?

केतकी: प्राणी तिथलेच, पण खेळ वेगळा आहे, रेखाताई. ऑरवेलची कादंबरी १९४५ची, रोख स्टालिनच्या रशियावर. वॉटर्सचा रोख इंग्लंडमधल्या पैशाच्या शर्यतीवर. ऑरवेलची कुत्री डुकरांची पहारेकरी आहेत, वॉटर्सची स्वतःच्याच फायद्यासाठी धावतात. ऑरवेलच्या मेंढ्या शेवटपर्यंत घोषणा देत राहतात, इथल्या मेंढ्या उठतात आणि कुत्र्यांना मारतात. आणि लगेच पुढच्या ओळीत त्यांना सांगितलं जातं की घरीच बसा, सांगितलं तेवढं करा. तो टोमणा ऐकू आला नाही तर गाणं क्रांतीचं वाटतं.

देशपांडे काका: चित्र कधी निघणार?

ओंकार: त्यातलं कुत्र्यांचं गाणं ‘डॉग्ज’ १७ मिनिटांचं आहे. १९७४ पासून ते मंचावर वेगळ्या नावाने वाजत होतं, ‘यू हॅव गॉट टू बी क्रेझी’. मेंढ्यांचं ‘शीप’सुद्धा तेव्हाचंच, नाव ‘रेव्हिंग अँड ड्रूलिंग’. म्हणजे गाणी आधी झाली, प्राणी मागून आले.

रेखाताई: हेच म्हणत होते मी! लेबलं नंतर डकवली.

केतकी: लेबलं डकवल्यावर शब्दही बदलले, ताई. आणि नुसत्या लेबलावर भागत नाही. ‘डॉग्ज’चं पहिलं अंग बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर गातो, तिथे कुत्रा जोमात आहे: हात कसा मिळवायचा, नजर कशी ठेवायची, सावज पाठ फिरवेल तेव्हा काय करायचं. त्याच अंगात पुढे तो एकटा, आजारी, धोंड्याने बुडणारा होतो. शेवटचं अंग वॉटर्स गातो, तिथे कुत्रा गोंधळलेला, आणि शेवट पुन्हा धोंड्यावरच. मधे तो धोंड्याचा शब्द घुमत घुमत यंत्रासारखा होतो आणि त्याच्याखाली कुत्री भुंकतात, तीही यंत्रातून काढलेली. माणूस कुठे संपला आणि कुत्रा कुठे सुरू झाला ते कानाला कळू नये, म्हणून ती करामत.

पाटील सर (ए-४०४): ओंकार, गिटार कोणत्या सुरात लावताय? काल गच्चीवरून तार खडखडताना ऐकू येत होती.

ओंकार: सर, ‘डॉग्ज’ला सगळ्या तारा एक अख्खा स्वर खाली. ई मायनरची पकड धरली की डी मायनर ऐकू येतो. पातळ तारा त्यात ढिल्या पडतात आणि गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवर (फ्रेटवर) आपटतात. जाड संच लावायला हवा. मग मानेचा ताण आणि पुलावरची (ब्रिजवरची) तारेची लांबी पुन्हा जुळवावी लागते, नाहीतर बाराव्या पट्टीपुढे सगळं बेसूर. ते राहिलंय. म्हणून शनिवारी ‘डॉग्ज’ नाही, ‘पिग्ज’ आणि ‘शीप’ घेतोय.

देशपांडे काका: पुन्हा विचारतो. चित्र कधी निघणार?

मंदार: ‘पिग्ज’ ऐका काका. तिसरं कडवं खास तुमच्यासाठी आहे.

देशपांडे काका: म्हणजे काय?

मंदार: हा संदेश काढून टाकला आहे.

केतकी: मंदारदादा, पुरे. काका, त्या गाण्यात तीन डुकरं आहेत. तिसरं नाव घेऊन सांगितलंय: मेरी व्हाइटहाउस. ब्रिटनमध्ये दूरदर्शनवरच्या अश्लीलतेविरुद्ध वर्षानुवर्षं मोहीम चालवणाऱ्या बाई. दुसरं कडवं मार्गारेट थॅचरवर आहे असं पुष्कळजण मानतात. त्या १९७५ साली हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या होत्या. पण तिथे नाव घेतलेलं नाही.

देशपांडे काका: म्हणजे लिफ्टमधलं चित्र काढा म्हणणारा डुक्कर, असा अर्थ घ्यायचा का मी? तेवीस वर्षं राहतोय इथे.

साने: काका, तसं कुणीच म्हटलेलं नाही. मंदार, कृपया.

मंदार: माफ करा काका. काढलाय मेसेज.

देशपांडे काका: मेसेज काढला, चित्र तसंच आहे.

डिसूझा सर (बी-१०४): मी सकाळी ‘शीप’ ऐकलं. मधे यंत्राच्या आवाजात स्तोत्र २३ म्हटलंय, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. पुढे खाटकाचा आकडा आणि मटणाचे तुकडे. ही थट्टा मला आवडलेली नाही. स्पष्ट सांगतो.

केतकी: डिसूझा सर, थट्टा आहेच, मी नाही म्हणणार नाही. मेंढपाळ मेंढीला हिरव्या कुरणात नेतो की खाटकाकडे, एवढाच त्या गाण्याचा सवाल आहे. ‘सांभाळतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकावर मेंढ्या डोळे मिटून विश्वास टाकतात, राग त्याचा आहे. स्तोत्र त्यात भरडलं गेलं, हे खरंच.

डिसूझा सर: भरडलं गेलं हे मान्य केलंत, ठीक. सुरुवातीचा पियानो मात्र सुंदर आहे.

ओंकार: सर, तो बँडच्या कीबोर्डवादकाचा, रिचर्ड राइटचा इलेक्ट्रिक पियानो. पण संपूर्ण अल्बममध्ये गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं नाव एकदाही नाही. ‘डॉग्ज’वर वॉटर्स आणि गिलमोर, बाकी सगळं वॉटर्स.

पाटील सर: शिवाय ‘पिग्ज ऑन द विंग’चे दोन भाग पाडले, जेमतेम दीड-दीड मिनिटाचे. मानधन गाण्याच्या संख्येवर असल्याने त्या तीन मिनिटांची दोन गाणी मोजली गेली आणि १७ मिनिटांचं एक. गिलमोरची तक्रार होती यावर.

साने: हे वाचून मला आपल्या पार्किंगच्या वाटपाची आठवण झाली, पण तो विषय इथे नको.

रेखाताई: विषय तुम्हीच काढलात, साने. तळघरातल्या दोन जागांचं काय झालं?

सुलभा काकू: प्राण्यांचं चिन्ह बघायचं तर ‘क्वीन’ या दुसऱ्या इंग्लिश बँडचं बघा. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरीने स्वतः काढलंय. दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि वर फिनिक्स. बँडमधल्या चौघांच्या राशी आहेत त्या. टेलर आणि डीकन सिंह, ब्रायन मे कर्क, मर्क्युरी कन्या.

मंदार: पऱ्या म्हणजे कन्या रास? काकू, भारीच.

सुलभा काकू: पण ते पाश्चात्त्य सायन गणित. आपल्या निरयन पद्धतीने रवी बघितला तर २६ जुलैचा टेलर कर्केत जातो, ५ सप्टेंबरचा मर्क्युरी सिंहेत येतो. मे कर्केतच, डीकन सिंहेतच. म्हणजे दोन सिंह, दोन खेकडे. पऱ्यांना सुट्टी.

मंदार: 😂 खेकडे दोन झाले की एकमेकांचे पाय ओढणार. बँड फुटला असता.

देशपांडे काका: लिफ्टमधलं चित्र कधी निघणार? (चौथ्यांदा)

ओंकार: काका, आणखी एक परवानगी हवी होती. चित्रातल्यासारखं हेलियमचं डुक्कर गच्चीवर सोडायचा विचार आहे. ३ मीटर लांब, पीव्हीसीचं. दोरीने बांधून.

साने: नाही.

पाटील सर: साने, तुम्ही नाही म्हणायची गरजच नाही, ते उडणारच नाही. ढोबळ हिशेब: ३ मीटर लांब, सव्वा मीटर जाड डुकरात साधारण ३ घनमीटर हेलियम मावतो. एक घनमीटर उचलतो जेमतेम १ किलो. कातडं सुमारे १३ चौरस मीटर, ०.२ मिलिमीटर पीव्हीसी धरलं तर चौरस मीटरला २६० ग्रॅम. झाले साडेतीन किलो. शिवाय पाय, कान, शिवणी. डुक्कर गच्चीवर लोळत पडेल.

मंदार: मग त्यांचं कसं उडालं?

पाटील सर: आकार. लांबी चौपट केली की कातडं १६ पट होतं, पण पोटातला वायू ६४ पट. त्यांचं डुक्कर साधारण १२ मीटरचं धरलं, तर दीडशेच्या वर किलोची उचल आणि कातड्याला पन्नास-साठ किलो. पण वाराही १६ पट अंगावर घेतं. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात आडवा रेटा अडीचशे किलोच्या पुढे. दोरी उभी राहत नाही, आडवी होते, आणि झटक्याला सगळा भार एका गाठीवर येतो.

केतकी: आणि तसंच झालं. २ डिसेंबर १९७६ला तयारी झाली, डुक्कर सुटलं तर पाडायला नेमबाजही उभा केला होता. त्या दिवशी उड्डाण जमलं नाही. ३ तारखेला नेमबाजाला बोलवायचंच राहिलं, आणि वाऱ्याच्या झोताने दोर तुटला. डुक्कर लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या विमानमार्गात शिरलं आणि रात्री केंटमधल्या एका शेतात उतरलं. डागडुजी करून पुन्हा उडवलं तर आकाश बेचव. म्हणून मुखपृष्ठावर पहिल्या दिवसाचं ढगाळ आकाश आणि नंतरचं डुक्कर असं जोडकाम आहे.

देशपांडे काका: म्हणजे चित्रसुद्धा खरं नाही!

केतकी: 😄 डुक्कर खरं, आकाश खरं, वेळ वेगवेगळी.

ओंकार: १९८७च्या दौऱ्यात वॉटर्स बँडमध्ये नव्हता. डुकरावर त्याचा हक्क होता. म्हणून बाकीच्यांनी आपलं डुक्कर वेगळं दिसावं यासाठी त्याला नर बनवलं, सगळ्या अवयवांसकट.

देशपांडे काका: ग्रुपवर स्त्रिया आहेत.

सुलभा काकू: आम्ही वाचतोय, चालू द्या.

रेखाताई: काल दुपारी ए विंगमधून डुक्कर ओरडल्यासारखा आवाज येत होता. तो काय होता?

ओंकार: टॉक बॉक्स, ताई. गिलमोरने ‘पिग्ज’मध्ये त्यानेच डुकराचा चीत्कार काढलाय. गिटारचा आवाज ॲम्पमधून एका छोट्या ड्रायव्हरकडे आणि तिथून प्लास्टिकच्या नळीत जातो. नळीचं टोक तोंडाच्या कोपऱ्यात धरायचं, घशातून काहीच काढायचं नाही, नुसते ओठ आणि जीभ हलवायची. तोंडाचा आकार गिटारला चढतो आणि गायकाच्या माइकमधून बाहेर येतो. नळी माइकच्या दांडीला चिकटपट्टीने बांधायची, टोक माइकच्या ४-५ सेंटीमीटर पुढे. फार आत घेतली तर जीभ अडते, मुडपली तर आवाज दबतो. गिटारचा नेहमीचा स्पीकर चालू राहिला तर चीत्कार त्याखाली बुडतो. काल माइक जास्त उघडा होता म्हणून मधे शिट्टी वाजली.

मंदार: त्या गाण्यात काउबेलही आहे. डुकराच्या गाण्यात गाईची घंटा.

पाटील सर: ‘शीप’मधला तो लांबवलेला सूर कसा करणार? गायकाचा शब्द विरत विरत सिंथेसायझरचा सूर होतो तो.

ओंकार: दोन फेडर, सर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या कळा. गायकाचा खाली, सिंथचा वर, स्वर तोच. दोघांत तीन कंपनांचा जरी फरक पडला तरी सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात आणि जोड उघडा पडतो. अजून दहातून चार वेळा उघडा पडतोय.

रेखाताई: एवढं सगळं ठीक. पण आरंभी आणि शेवटी जे छोटं गाणं आहे, ‘पिग्ज ऑन द विंग’, त्यात डुक्कर कुठल्या अर्थाने? तिथे तर नुसती गिटार आणि प्रेमाची गोष्ट.

केतकी: तिथेच तर गंमत आहे. मधल्या गाण्यांत डुक्कर म्हणजे अमुक माणूस. इथे ते डोक्यावर घिरट्या घालणारं संकट आहे, आणि त्यापासून आडोसा म्हणजे आपली काळजी घेणारं कुणीतरी. शिवाय शेवटच्या गाण्यात वॉटर्स स्वतःला कुत्र्यात धरतो: कुत्र्याला घर लागतं म्हणतो. तिघांना शिव्या घातल्यावर आपण कोण, ते सांगून मोकळा होतो. काका, म्हणून चित्रात डुक्कर एवढुसं आणि धुराडी प्रचंड. ते कुणाला वेडावत नाही, नुसतं वर तरंगतंय.

देशपांडे काका: वर तरंगू दे. लिफ्टमध्ये नको.

मंदार: गाढवाला गुळाची

मंदार: हा संदेश काढून टाकला आहे.

साने: निर्णय: चित्र तळमजल्यावरच्या सूचना फलकावर, शनिवारपर्यंत. फुगा नाही. टॉक बॉक्सचा सराव दुपारी २ ते ४ सोडून. पार्किंगचा विषय सभेत.

रेखाताई: सभेची तारीख?

ओंकार: काका, लिफ्टमधलं काढलं.

देशपांडे काका: धन्यवाद. आरशाच्या कडेला चिकटपट्टीचा गोंद राहिला आहे. तो कोण काढणार?